मान नखभर

"मामी, राग मानणार नसाल तर एक विचारते," तारेच्या जाळीवर धुणं टाकता टाकता मास्तरीणबाई म्हणाल्या. म्हणजे राग येण्यासारखंच काहीतरी असणार.

"विचारा की."

"तुमच्या नातवाच्या अंगात येतंय का हो?"

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं.

"काल दुपारी खिडकी लावून अंधारात एकटाच बसला होता. मी काही डोकावत नव्हते हं, मांजर हाकलायला आलते, फटीतनं दिसलं. मान अशी डावीकडं, अशी उजवीकडं, मधीच पुढं वाकायचा. डोक्याला काय तरी तारा. चैत्री पुनव आत्ताच झालीय, म्हणलं येडाईनं धरलं का काय पोराला!"

येरमाळ्यात असं विचारणं ही चेष्टा नसते. येडाईदेवीच्या पुनवेच्या यात्रेत चुनखडी वेचायला माणसांचा पूर लोटतो, आमराईत पालखी जाते, आणि हलगी वाजली की कुणाच्या अंगात कधी येईल सांगता येत नाही. पण आमच्या पोराच्या अंगात आला होता ट्रक.

"गेम खेळतंय ते. युरोपात ट्रक चालवायचा. युरो ट्रक सिम्युलेटर म्हणतात."

"मग मान कशाला हलवायची? हातानं खेळत्यात की सगळी."

"ही खोट आमच्या ह्यांनी काढली."

हे म्हणजे एसटीचे रिटायर डायव्हर. यात्रेच्या जादा गाड्या गर्दीतनं मागं घेण्यात हयात गेली. नातवानं कौतुकानं गेम दाखवायला बोलावलं, तर हे हात मागं बांधून दहा मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरा, तुझ्या डायव्हरला मानच न्हाई. आरसा बघायला बटन दाबतो का कुणी?" डायव्हिंग हातापायांचं असतं असं लोकांना वाटतं. ह्यांचं म्हणणं, ते मानेचं काम. नातू त्या दिवशी जेवला नाही.

"मग?"

"मग शोधत बसला. मानेबरोबर चित्र हलवायचं तयार यंत्र मिळतं, ट्रॅकआयआर म्हणून. अमेरिकेतलं. दीडशे डॉलरच्या आसपास."

"म्हणजे दहा हजाराच्या वर! मान हलवायला?"

"त्यानं घरीच केलं. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाला बारका दिवा असतो बघा, तसले तीन. पाच-दहा रुपयांना एक. जुन्या हेडफोनला तारेचा सांगाडा बांधून त्यावर बसवले आन् मोबाईलच्या चार्जरची वायर जोडली. समोर साधा कॅमेरा."

"रिमोटला कुठला आलाय दिवा? उगी काय तरी."

मी त्यांना रिमोट आणायला लावला. एका हातात मोबाईलचा कॅमेरा चालू, दुसऱ्या हातात रिमोट. बटन दाबलं तसा पडद्यावर टोकाला जांभळट ठिपका चमकला. मोबाईल बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर काही नाही. मास्तरीणबाईंनी आठ-दहा वेळा दाबून बघितलं. त्यांच्या घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला.

"आपल्याला न दिसणारा उजेड," मी सांगितलं. "कॅमेऱ्याला तेवढाच दिसला पायजे, बाकी सगळा अंधार. म्हणून आतली हा उजेड आडवणारी काच त्यानं काढून टाकली, आन् समोर फोटोच्या निगेटिव्हचा काळा तुकडा लावला. त्यातनं साधा उजेड जात न्हाई, हा जातो."

"निगेटिव्ह कुठनं आणली आता?"

"त्याच्याच आईच्या लग्नातली! 1998 चा रोल. टोकाचं काळं, फोटो नसलेलं तेवढंच कापलं म्हणतंय. मी सगळ्या पट्ट्या उन्हाला धरून बघितल्या. जेवणावळीपर्यंत सगळं शाबूत हाय म्हणून वाचला."

पुढचं मला जरा अवघड जातं, पण सांगितलं. कॅमेऱ्याला काळ्या पडद्यावर तीन ठिपके दिसतात. मान वळली की ते जवळ येतात, लांब जातात, तिरपे होतात. त्यावरनं डोकं कुठं वळलं ते कॉम्प्युटर हिशेबानं काढतो. वळणं, वर-खाली बघणं, खांद्याकडं कलणं, शिवाय पुढं-मागं, आजूबाजूला, वर-खाली सरकणं. सगळं धरून सहा हालचाली. हिशेब करणारं ओपनट्रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खिडकीतनं ऊन आलं की चौथाच ठिपका उगवतो आणि ट्रक आभाळाकडं बघायला लागतो. खिडकी लावायची ती त्यासाठी.

"आता तर बिनदिव्याचं, नुसता चेहरा ओळखूनही चालतंय म्हणे. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा, त्याला तेवढं झेपत न्हाई."

"ह्या पोराच्या डोक्यात येतं कुठनं?"

"2007 साली अमेरिकेत जॉनी ली म्हणून शिकणाऱ्या पोरानं असंच केलं होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात. वी नावाच्या गेमच्या यंत्राचा रिमोट हातात धरायचा असतो आन् दिवे टीव्हीपाशी. त्यानं रिमोट ठेवला टीव्हीपाशी आन् दिवे लावले चष्म्याला."

"उलटापालट."

"तेवढंच! आन् लाखो लोकांनी बघितलं ते."

"मग डायव्हरमामा बसले का?"

आता खरी गंमत. पहिल्यांदा बसले ते गाडी उजव्या बाजूच्या लेनमधनं चालवायची म्हणल्यावर उठूनच गेले. मग पोरानं त्यांना इंग्लंडात नेलं; तिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं. बरं वाटलं त्यांना. आरसा बघायचा म्हणून सवयीनं कमरेतनंच वळले, आणि बघतात तर समोर भिंतीवरचं कॅलेंडर. स्क्रीन राहिला मागं. ट्रक तिकडं कठड्यावर.

"अगंबाई!"

"पोरगं म्हणतंय, आजोबा, डोळे स्क्रीनवर, मान नखभर. पंधरा अंश हलली की गाडीत नव्वद वळती, तसं बसवलंय. आन् तुमाला सांगते, ह्यांच्या मानेला पट्टा लागल्यापासनं नखभरच हलती ती. मागनं हाक मारली तर अख्खे वळत्यात. पण त्या ट्रकात बसले की डावा आरसा, उजवा आरसा, खिडकीतनं वाकून मागलं चाक, सगळं दिसतंय. काल रात्री बारापर्यंत ट्रेलर मागं घेत होते. कुणाला तरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होते."

"म्हणजे रात्री ऐकू आली ती मामांचीच ओरड होती का! आमचे हे उठून बसले होते."

"तीच. समोरनं दुसरा ट्रक आला, तर एसटीच्या सवयीनं ह्यांनी हात वर केला. हात वायरीला लागला, हेडफोन निघून मांडीवर. इंग्लंड सगळं उलटं झालं."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मग जाळीवरून जरा पुढं वाकून, हळूच विचारलं,

"पण समोरच्यानं केला का हो हात वर?"