वाघ फुकट, कागद विकत

फोन बहुधा सकाळची सफारी आटोपल्यावर येतो, पोरगं ताडोब्याच्या मोहर्लीतल्या टपरीवर पोहे खात असतं तेव्हा. "भाऊ, तुमचा तो वाघिणीचा फोटो पाहिला. काय टिपलाय हो! विशेषांकाच्या मुखपृष्ठाला घेतो म्हणतो. मोठी फाइल पाठवा ना. आणि हो, त्यावरचं तुमचं नाव पुसून पाठवा, आम्ही आत टाकतो." पैशांचं काय, असं पोरानं चाचरत विचारलंच, तर पलीकडून मोठ्या मनाने उत्तर येतं, "अंक पाठवतो ना भाऊ. दोन प्रती."

ते नाव आत छापून येतं खरं. मुद्रकाच्या पत्त्याखाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात, आणि आडनाव चुकवून.

अंक काढणारा कागदवाल्याला पैसे देतो, छापखान्याला देतो, बाइंडरला देतो, टपालखात्याला तर आगाऊ देतो. फुकट मागावं असं त्याला एकाच माणसाकडे वाटतं. त्यात कागदाची गोष्ट तर आपल्या घरचीच. बल्लारपूरच्या कारखान्याने कित्येक दशकं गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कवडीमोल भावाने उचलला. भाव सरकार ठरवायचं, कारखाना ठरवायचा. ज्यांच्या अंगणात बांबू उगवायचा त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग २००९ मध्ये तिथल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं आणि ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. आता कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करतात. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांना अमुक भाव, पटत असेल तर या. कंत्राटदार कुरकुरतो, पण पैसे मोजतो. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विडीच्या पानाला भाव आहे आणि मुखपृष्ठावरच्या वाघाला नाही.

दोष एकट्या संपादकाचा नाही. भाव विचारला की आमचा छायाचित्रकार नव्या नवरीसारखा लाजतो आणि म्हणतो, "तुम्हीच समजून काय ते द्या." याहून महागात पडणारं वाक्य मराठीत नसावं. समोरचा समजून घेतो, आणि काही देत नाही.

दुसऱ्या टोकाचे बहाद्दरही आहेत. ते लेन्सचा हिशोब मांडतात. सहाशे एमएमची मोठी लेन्स दहा लाखांच्या पुढे, वर जिप्सी, गाइड, मुक्काम. सगळं खरं. पण ती लेन्स घ्या असं संपादकाने सांगितलं नव्हतं. तुमचा खर्च ही तुमची हौस. फोटोचा भाव ठरतो तो वापरावर. मुखपृष्ठ की आतलं पाव पान? अंक दोन हजार निघतो की दोन लाख? एकदाच छापणार, की पुढे कॅलेंडरवर, जाहिरातीत, वेबसाइटवरही तोच वाघ फिरवणार? दुसऱ्या कोणाला देऊ नका अशी अट आहे का? असेल तर तिचे वेगळे पैसे. हे विचारल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

आता कडू गोष्ट. समोरून रस्त्याने डुलत येणारा वाघ आज प्रत्येक जिप्सीत किमान दोघांकडे असतो. माल इतका झाला की भाव पडणारच. फोटो विकणाऱ्या शटरस्टॉक या संकेतस्थळाने २०२० मध्ये दर बदलले तेव्हा एका डाउनलोडमागे छायाचित्रकाराची किमान कमाई दहा सेंटवर आली. एवढ्यात मोहर्लीत चहासुद्धा जेमतेम येतो. भाव आहे तो वेगळेपणाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोब्याच्या रामदेगीकडच्या एका तरुण वाघाचं दृश्य जगभर फिरलं, ते वाघ होता म्हणून नव्हे. त्याच्या तोंडात प्लास्टिकची बाटली होती म्हणून. तसंच पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेल्यावर भामरागडच्या काठावर उभा असलेला वार्ताहर, मे महिन्यात जीव मुठीत धरून तेंदू तोडणाऱ्या बायांबरोबर सिंदेवाहीच्या जंगलात गेलेला पोरगा, यांच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि नेमके हेच लोक ते व्हॉट्सअॅपवर फुकट ढकलून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी तो फोटो चार ठिकाणी छापून येतो, खाली नाव चौघांचं.

जाता जाता एक चिमटा आपल्यालाही. माडिया आदिवासी म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा टिपून बक्षीस मिळवणाऱ्याने तिला काय दिलं? तिला विचारलं तरी होतं का? मानधनासाठी भांडताना तेवढं आठवावं.

भांडायचं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक. मासिकाच्या नोकरीत असाल, किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. मालकी द्यायची तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क तुमच्या हयातीत आणि पुढे आणखी ६० वर्षं राहतो. तेव्हा पुढचा फोन आला की पोहे संपवा, हात धुवा आणि सांगा: कुठे, केवढा, किती दिवस, किती पैसे, हे लिहून पाठवा, फाइल त्यानंतर.