निवास : ०

मे महिन्यात आमचे साडू पुण्याहून नगरला 'बजेट सिटी हॉलिडे' करून गेले. परदेशवारी म्हणजे पैशाचा धूर, गोव्याला गर्दी, तेव्हा आपल्याच देशातलं एखादं न गाजलेलं शहर स्वस्तात बघावं, असा बेत. बायको, दोन मुलं, चार दिवस. एकूण खर्च २,१४० रुपये. आकडा पाठ आहे, कारण निघायच्या आदल्या रात्री त्यांनी हिशोबाचा तक्ता घरच्या ग्रुपवर टाकला. पहिली ओळ एसटीची, बायकोचं अर्धं तिकीट वेगळं दाखवून. दुसरी ओळ : 'निवास : ०'.

त्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. चांगलं टपोरं शून्य होतं. आमच्या सावेडीच्या फ्लॅटची एकुलती एक बेडरूम त्यात अख्खी मावली होती. आम्ही नवराबायको चार रात्री हॉलमध्ये, कूलरच्या पाठीमागे, म्हणजे जिकडून तो हवा आत ओढतो त्या बाजूला. खाली 'नाश्ता : ०', 'जेवण : ०'. या शून्यात भाकरी आणि शिपी आमटी दोन रात्री गेली, दुसऱ्या रात्री खास आग्रहावरून, "ताई, कालची काय झाली होती हो!" म्हणून. 'स्थानिक प्रवास : ०' हे शून्य पेट्रोलवर चालणारं होतं.

पाण्याला तर ओळच नव्हती. शून्यसुद्धा नाही! आता इथे माझा आवाज चढला तर समजून घ्या. आमच्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड येतं. मुळा धरण काठोकाठ भरल्याचे फोटो पेपरात येतात त्या आठवड्यातही दिवसाआडच येतं. पाण्याची वेळ सांभाळून आम्ही लग्नाच्या तारखा काढतो, पिंप भरून झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी आजारी पडत नाही, आणि हे गृहस्थ शॉवरखाली पंचवीस मिनिटं उभे! बाहेर आल्यावर टॉवेलने कान पुसत म्हणतात, "अहो, प्रेशर जरा कमी आहे तुमच्याकडे." तिसऱ्या दिवशी टँकर मागवला. पैसे मी दिले, जिन्यात, हळू आवाजात, कारण बायकोने डोळ्यांनी तशी ताकीद दिली होती. टँकर बघून साडूभाऊंच्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याचा व्हिडिओ निघाला. माझ्या पैशाचा टँकर त्यांच्या सहलीतलं एक प्रेक्षणीय स्थळ झाला, तेही फुकटातलं.

शहर बघितलं का? बघितलं की. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी फोटो झाले. रणगाडा संग्रहालयाचं तिकीट मात्र त्यांनी स्वतः काढलं आणि पॅटन रणगाड्यापुढे उभं राहून ते फेडून घेतलं. कापडबाजारात दोन तास भाव विचारले.

शेवटच्या दिवशी चांदबीबी महाल. पाथर्डी रस्त्याने डोंगरावर, अष्टकोनी, तीन मजली, वर वारा असा की टोपी सांभाळावी. साडूभाऊ मुलांना सांगत होते, "राणी इथे राहायची." मी म्हटलं, अहो, महाल नाही, कबर आहे. चांदबीबीचीही नाही, निजामशाहीतल्या सलाबतखान या वजिराची. ते म्हणाले, "असेल. पण नाव तर चांदबीबीचंच ना?" मला त्या वजिराबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. शतकानुशतकं मुक्काम त्याचा, जागा त्याची, आणि येणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्याच नावाने पाहुणचार घेऊन जातो. वर भिंतीवर खिळ्याने बदाम कोरून, आत स्वतःचं आणि तिचं नाव! या बदामवाल्यांना मी एकदा धरून त्यांच्याच घराच्या दर्शनी भिंतीवर सलाबतखानाचं नाव कोरणार आहे. थोरल्या मुलाच्या हातातली गाडीची किल्ली मी वेळीच काढून घेतली. परतताना साडूभाऊंनी तीच किल्ली मागितली. म्हणे, घाटात मीच चालवतो, मजा येते.

तक्त्यावर ग्रुपमध्ये सव्वीस अंगठे आले. सासऱ्यांनी 'याला म्हणतात नियोजन' असं लिहिलं. कोल्हापूरच्या मामेसासऱ्यांनी विचारलं, दिवाळीत सहा जणांचं याच बजेटमध्ये बसेल का. साडूभाऊंनी उत्तर दिलं : 'आरामात.' यजमान म्हणून मला कुणी काही विचारलेलं नाही.

मामांना आणि तुम्हा सगळ्यांना सांगून ठेवतो : माळीवाडा स्टँडजवळ लॉज आहेत. टॉवेल मागितला तर देतात, आणि टँकरचं त्यांचं ते बघतात.