रोडगा उकरू नये

भातकुलीला मामांच्या वावरात कणकेच्या रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांचा आर पडला, त्यात रोडगे गाडले, वरून राख ओढली. पाचच मिनिटांत मी काडी घेऊन एक उकरायला बसलो.

"काहून उकरून रायला बाप्पा?" मामा म्हणाले. "वारं लागलं का कच्चा रायते. वास येऊ दे न, मंग काढू."

मी पुण्यात मोटारींच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे पोटासाठी रोडगेच उकरतो. आमचा प्रोग्राम सेकंदाला १०,००० वेळा करंट मोजून मोटारीला पुढचा हुकूम सोडतो. एका फेरीला १०० मायक्रोसेकंद. मध्यंतरी मोटार अधूनमधून झटका खायची. प्रोग्राम थांबवून पाहावं, तर मोटार थोडीच थांबते? म्हणून फेरीतच एक ओळ घातली : करंटचा आकडा छापून दाखव. अक्षरं २०. सिरीयल तारेवरून सेकंदाला ११५२०० बिटांच्या वेगानं एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. ओळ छापून होईस्तोवर १७ फेऱ्या हुकल्या. मोटार अशी थरथरली की मूळ झटका कुठे गेला, कळेना. ओळ काढली, झटका हजर!

शेवटी छापणं सोडलं. आकडे गुपचूप मेमरीत टिपायचे, जागा भरली की जुन्यावरच नवे लिहायचे, झटका आला की टिपणं बंद. मग निवांत चहा घेत वाचायचे. त्यात दिसलं : तापमान मोजणारं एक किरकोळ काम भलत्या वेळी मध्ये घुसत होतं.

मोठमोठ्यांचंही असंच झालंय. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्यानं सुरू व्हायचा. नासाच्या मंडळींनी घटनांची नोंद ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच ठेवलेली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ती चालू करून ते बिघाडाची वाट पाहत बसले. तिथंही हवामानाचं किरकोळ काम सामायिक कुलूप धरून बसलेलं, मधल्या दर्जाच्या कामानं त्याला मागं ढकललेलं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम दारात ताटकळत. दुरुस्ती म्हणजे एक सेटिंग चालू करणं, तेही इथूनच.

नोंदीची ही सोय आधी ठेवावी लागते, आणि एकदा ठेवली की काढायची नाही. आमच्याकडे नवीन पोरं कंट्रोलर बाजारात जाताना ती 'फालतू' म्हणून खोडतात. खोडली की वेळेचं गणित पुन्हा बदलतं.

वास सुटला. मामांनी रोडगे काढले, राख झटकली, तुपात बुडवले. मी उकरलेला त्यांनी बरोबर ओळखला आणि वांग्याच्या भाजीसोबत माझ्याच ताटात टाकला. मधून कच्चा होता.