कोंड्याचा मांडा

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये माणसाचं स्वतःचं असं फारसं काही उरत नाही. पाय दुसऱ्याच्या बुटाखाली, बॅग तिसऱ्याच्या डोक्यावरच्या रॅकवर आणि खांदा चौथ्याच्या नाकाखाली. मला लिहायचं आहे ते या चौथ्याबद्दल. तो प्रत्येक डब्यात असतो, प्रत्येक कचेरीत असतो, आणि लग्नाच्या मांडवात मुलाकडचा नाहीतर मुलीकडचा म्हणून एक तरी येतोच. आमच्या इमारतीत जो आहे त्याला सगळे अण्णा म्हणतात.

अण्णा माणसाशी ओळख करून घेतात ती मागच्या बाजूने. आधी कॉलर, मग खांदे, मग भांग. गडद निळा किंवा काळा शर्ट दिसला की त्यांचे डोळे चमकतात. दोन बोटांनी ते तुमचा खांदा झटकतात, ती बोटं उजेडात धरून बघतात आणि म्हणतात, "कोंडा झालाय." आवाज खाजगीतला, ऐकू मात्र पलीकडच्या दारापर्यंत जातो. एका रिसेप्शनला आहेर द्यायला स्टेजवर चढले असताना त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीवर हाच प्रयोग केला. फोटोग्राफरने नेमकं टिपलं. अल्बममध्ये तो फोटो 'ज्येष्ठांचे आशीर्वाद' या पानावर आहे.

स्वतः अण्णांना टक्कल आहे. कानांवर एक पांढरी झालर तेवढी शिल्लक. "तिशीत मलाही होता. मुळासकट घालवला," असं ते अभिमानाने सांगतात. मुळासकट गेलं हे आम्हाला दिसतंच आहे.

निदानानंतर कारणमीमांसा. टँकरचं पाणी, हेल्मेट, गिझर, जागरण, सुनेने बदललेला साबण आणि रात्रीचं दही. दही पोटात गेलं की कोंडा होतो आणि डोक्यावर थापलं की जातो, हे त्यांचं मूलभूत संशोधन. उपचार मात्र माणूस बघून. बँकेतल्या बाईंना मेथ्या भिजवून वाटून. निवृत्तांना, वेळ असतो म्हणून, रिठा-शिकेकाई. कॉलेजच्या पोरांना लिंबू. हे लिंबू अर्धं कापून थेट टाळूवर चोळायचं. खाजवून खाजवून तिथे आधीच ओरखडे पडलेले असतात, त्यावर तो आंबट रस. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा या उपचारानंतर बाथरूममधून जे ओरडला ते खाली पार्किंगपर्यंत आलं. अण्णा तिथेच स्कूटर पुसत होते. मान वर करून म्हणाले, "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय."

आणि सर्वांसाठी, जात-धर्म-पगार न बघता, कापूर घातलेलं कोमट खोबरेल. रात्री चोपडायचं, सकाळी धुवायचं. दुसऱ्या दिवशी कोंडा दिसत नाही हे खरं आहे. तेलात भिजून तो टाळूला चिकटून बसलेला असतो, आणि दिसेनासा झाला तो रोग बरा झाला असं मानायची आपल्याकडे रीत आहे. दोन दिवसांनी तेल उतरलं की रोगी परत अण्णांच्या दारात. त्यांची प्रॅक्टिस चालते ती यावरच.

निदानात हार त्यांनी पत्करली ती फक्त पहिल्या मजल्यावरच्या आजींसमोर. शाळेत जाणाऱ्या एका चिमुरडीच्या वेण्यांत पांढरं दिसलं म्हणून अण्णांनी मेथ्यांचा हुकूम सोडला. आजींनी पोरीला पुढ्यात बसवलं, एक केस चिमटीत धरला आणि त्या पांढऱ्या ठिपक्याला नखाने ढकलून पाहिलं. तो हलेना. "कोंडा असता तर घसरला असता हो अण्णा. ही लीख आहे," म्हणाल्या आणि फणी आणायला आत गेल्या. अण्णा त्यानंतर आजी गॅलरीत नसताना तपासणी करू लागले.

अण्णांच्या घरात माणसं चार आणि कंगवेही चार, प्रत्येकावर नेलपॉलिशची वेगळी खूण. टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्यांची तीच वाटणी. कोंडा उडून येतो, उशीवरून चढतो, रिक्षाच्या सीटवर दबा धरून बसतो, असा त्यांचा पक्का समज. काकूंनी या व्यवस्थेला एकदाच हरकत घेतली होती. ज्यांना केसच नाहीत त्यांना कंगवा कशाला, एवढंच त्यांनी विचारलं.

अशात अण्णांची भाची त्वचारोगात एमडी झाली आणि दिवाळीत दोन दिवस मामाकडे राहायला आली. फराळाला आम्ही शेजारीही होतो. अण्णांनी चकलीबरोबर विषय काढला. पोरगी सुट्टीवर होती, पण डॉक्टरला सुट्टी लाभू न देणं हा नातेवाइकांचा हक्कच असतो.

"मामा, कोंडा कुठून येत नाही," ती म्हणाली. "मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, ती तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या टाळूवर असतेच. टाळूतून जे तेलकट पाझरतं त्यावर ती जगते. ते पचवताना ओलेइक ॲसिडसारखी आम्लं मागे राहतात, ती काही जणांच्या कातडीला सोसत नाहीत. मग कातडी चिडते. एरवी सावकाश, आपल्याला न दिसता होणारी तिची झड घाईने, पुंजक्यांनी होते. म्हणून तर लहान मुलांत हा फारसा नसतो आणि वयात येताना, टाळू तेलकट व्हायला लागली की सुरू होतो. थंडीत वाढतो, ताण असला की वाढतो. अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही."

काकू उठल्या आणि चारही कंगवे आणून टीपॉयवर ठेवून गेल्या. बोलल्या काहीच नाहीत.

"ही बुरशी पाहिली कुणी?" अण्णांची उलटतपासणी.

"मालासे नावाच्या फ्रेंच माणसाने. 1874 साली. पुढे तिला त्याचंच नाव दिलं."

"तरीच! बाहेरून आलीय."

"आणि मामा, ते तेल चोपडायला सांगणं बंद करा. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर बशीतल्या खाद्यात स्निग्ध पदार्थ घालावा लागतो. वरून ऑलिव्ह ऑइल ओततात. त्याशिवाय ती नीट धरतच नाही."

"ऑलिव्ह ना? मी खोबरेल म्हणतो."

मग तिने उपाय सांगितला, आणि तो इतका नीरस निघाला की बैठक हिरमुसली. केटोकोनॅझोल 2 टक्के असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा. केसांना नव्हे, खालच्या कातडीला लावायचा, 3 ते 5 मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. असं 4 आठवडे. पुढे तो उलटू नये म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा. कुणाला झिंक पायरिथिऑनचा पुरतो, कुणाला सेलेनियम सल्फाइडचा. खवले जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचा.

"म्हणजे कायमचा गेला?"

"नाही मामा. आटोक्यात राहतो."

अण्णांनी आमच्याकडे असं पाहिलं, की बघा, लाखो रुपये खर्चून ही शिकली काय. त्यांचंही अगदीच चुकत नाही. आपल्याला 'मुळासकट' हवं असतं. 'आटोक्यात' म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा 'मुळासकट' म्हणणाऱ्या न्हाव्यावर आपला विश्वास अधिक. शिवाय खरी गोची आहे ती त्या पाच मिनिटांची. बहुतेक लोक फेस आला न आला तोच तांब्या ओततात आणि वर औषधाला नावं ठेवतात. नळाला पाणी तासभर, बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय, आणि आपण डोळे मिटून, तोंड बंद करून स्वस्थ उभं राहायचं. यातलं तोंड बंद ठेवणं अण्णांना कुठल्याही रोगासाठी शक्य नव्हतं.

एका ठिकाणी मात्र मला अण्णांचं हसू येत नाही. त्यांच्या डब्यात एक तरुण असायचा. त्याच्या डोक्यात जाड, चंदेरी खवले होते, केसांची रेघ ओलांडून कपाळावर आलेले. कोपरांवरही तसेच चट्टे. अण्णांनी त्याला रोज सकाळी सगळ्यांदेखत नवा उपाय सांगितला. पोरगा आधी पांढरे शर्ट घालायला लागला, मग त्याने गाडी बदलली. भाचीने हे ऐकलं आणि तिचा आवाज उतरला. "मामा, तो सोरायसिस असणार. त्याला वेगळे उपचार लागतात. आणि लोक असं बघायला लागले ना, की अशी मुलं डॉक्टरकडे यायचीसुद्धा लाजतात." अण्णा थोडा वेळ चकलीचे तुकडे करत बसले. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

हे चालू असताना तिची नजर अण्णांच्या चेहऱ्यावर खिळली होती. "मामा, जरा उजेडात या. तुमच्या भुवयांत कोंडा आहे."

"भुवईत?"

"नाकाच्या दोन्ही बाजूंना पण. कानामागे दाखवा... आहे. हा तोच प्रकार, जरा वरच्या पायरीचा. सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. बुरशीला तेलकट कातडी हवी असते, केस असलेच पाहिजेत असं नाही."

"छे! थंडीने कातडी उलते. मेडिकलवाल्याने मलम दिलंय. दोन दिवसांत लाली जाते."

"आणि मलम थांबवलं की परत येते. मामा, त्यात स्टेरॉइड असणार. असं कुणालाही न विचारता महिनोन्महिने चोपडलं की तोंडाची कातडी पातळ होते." तिने चिठ्ठी लिहून दिली. अण्णांनी ती घडी करून खिशात घातली, नगरसेवकाकडे दिलेला अर्ज घालतो तशी.

औषध त्यांनी घेतलं, हे काकूंमुळे आम्हाला कळलं. महिन्याभरात भुवया स्वच्छ झाल्या. अण्णांनी श्रेय दिलं ते काशाच्या वाटीला. त्याच सुमारास ते रात्री तळपायांना तूप लावून वाटी घासू लागले होते. "उष्णता खालून ओढून काढली. वर आपोआप थंड," असं त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं. मग वाटीही ठेवली, औषधही ठेवलं, आणि पुढच्या थंडीत नाकाशी परत पापुद्रे दिसायला लागले, तेव्हा सोसायटीने टँकरवाला बदलल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

भाचीच्या भेटीने एवढं मात्र झालं, की अण्णांचं कार्यक्षेत्र वाढलं. पूर्वी ते मागून खांदे बघत. आता समोरून येऊन भुवया, नाकाच्या कडा, कानामागचं, दाढीमिश्या असं सगळं बघतात. दाढी राखणारी पोरं त्यांना पाहिलं की जिन्याने जातात. वर आता शास्त्रही आहे. "मालासे म्हणून एक फ्रेंच होऊन गेला," इथून ते सुरुवात करतात.

परवा तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. बाळ गोड, टाळूवर पिवळसर तेलकट खपल्या. कित्येक तान्ह्या बाळांना त्या येतात आणि काही महिन्यांत आपल्या आपण जातात. बाळाला त्याचं काही नसतं. सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या आधी अण्णा वाकलेले होते. दोन बोटं पुढे करून, आपल्या त्या खाजगी आवाजात, ते म्हणाले, "कोंडा."

पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. आजींनी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली.

"अण्णा, नावं ठेवायला तिची आत्या आलीय. तुम्ही सरका बघू."