झाडाला भारतीय करून घ्यावयाचे असल्यास

एखाद्या वनस्पतीस 'इंडिकस' हे लॅटिन विशेषण जोडून तिला भारतीय करून घ्यावयाचे असल्यास इच्छुकांनी पुढील विधी पाळावा. रहिवासाचा दाखला लागत नाही.

प्रथम विशेषण सिद्ध करावे. त्यासाठी सिंधू नदी घ्यावी. ती प्राचीन इराण्यांच्या तोंडी दिली की 'स'चा 'ह' होतो. मग आयोनियन ग्रीकांकडे धाडावी. त्यांना 'ह'चे वावडे, त्यामुळे 'इन्डोस' एवढेच हाती येते. त्याला 'इकोस' प्रत्यय लावून रोमनांकडून 'इकस' असा घासूनपुसून घ्यावा. विशेषण तयार. पाण्याचा अंश उरलेला नसतो.

आता लिंग. काळा रेडा, काळी म्हैस, काळे रेडकू ज्याला जमते, त्याने इंडिकस, इंडिका, इंडिकमला घाबरण्याचे कारण नाही. इंग्रजांना घाबरू द्यावे. तिळाची प्रजाती 'सेसॅमम' नपुंसकलिंगी, म्हणून इंडिकम. आंब्याची 'मँजिफेरा' स्त्रीलिंगी, म्हणून इंडिका. आपल्याकडे तो आंबा असतो, हे खरे. हापूसची तक्रार असल्यास 1753 साली हे नाव छापणाऱ्या लिनियसकडे करावी. कोकमही इंडिकाच; सोलकढीच्या चवीत फरक पडत नाही.

चिंचेपाशी मात्र जपून. 'टॅमरिंडस' दिसताच उत्साही माणूस 'इंडिकस' लिहून मोकळा होतो. लिहू नये. लॅटिनमध्ये झाडे बहुधा स्त्रीलिंगी, शेवट पुरुषी दिसला तरीही. म्हणून टॅमरिंडस इंडिका. त्यातून 'टॅमरिंडस' आले अरबी 'तम्र हिंदी'वरून, म्हणजे हिंदी खजूर. अशा रीतीने चिंच दोनदा भारतीय ठरते, आणि मूळची असते आफ्रिकेची. कर्दळ म्हणजे कॅना इंडिका, ती तर अमेरिकेची. कोलंबसाने तिकडच्या मुलखालाही इंडीज ठरवून ठेवल्यावर दुसरे काय होणार? व्याकरण निर्दोष आहे.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे आद्याक्षर मोठे, विशेषणाचे लहान काढावे. देवनागरीत हा अपमान दिसत नाही.

नपुंसकलिंगी रूप नुसतेच सोडल्यास त्याची नीळ होते: रोमन लोक त्या रंगाला 'इंडिकम' म्हणत, त्यावरून पुढे इंडिगो. 1863 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबेर्गला एका नव्या धातूच्या वर्णपटात याच रंगाची रेषा दिसली आणि त्याचे नाव पडले इंडियम. फोनच्या पडद्यावर बोट फिरते ते त्याच्या ऑक्साइडच्या थरामुळे. धातूंची 'इयम'वाली नावे सरसकट नपुंसकलिंगी असल्याने तेथे कटकट नाही.