सप्रेम भेट

जालन्यात पुस्तक प्रकाशनाची पत्रिका हाती आली की मी आधी पुस्तकाचं नाव शोधतो. वाटतं तितकं सोपं नाही ते. वर मा. ना., खाली मा. खा., मग मा. आ., त्यानंतर माजी झालेले आणि त्यांच्या शेजारी भावी म्हणून निघालेले. स्वागताध्यक्ष, निमंत्रक, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती. (नुसती उपस्थिती हा रकाना नसतो, त्यामुळे आमच्यासारख्यांची पंचाईत.) सगळ्यांचे फोटो मानपानाप्रमाणे बसवून बोटभर जागा उरली तर तिथे कवितासंग्रहाचं नाव येतं. कवीचं नाव त्याच्याही खाली, मंडपवाल्याच्या किंचित वर.

मुंबईचा पाहुणा आणणं आता अवघड राहिलेलं नाही. समृद्धी महामार्ग आहे, वंदे भारत गाडी आहे. पाहुणा वेळेवर येऊन बसतो. वाट बघायची असते ती पुढाऱ्याची, आणि तो कुठल्याशा लग्नात अक्षता टाकत असतो. तोवर सूत्रसंचालक चारोळ्या टाकतात.

मग तो क्षण येतो. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या प्रती ताटात घालून आणतात. रिबिनीला गाठ मारणाऱ्या पोराने ती सुटू नये याच बेताने मारलेली असते. सेलोटेपला नख लागत नाही. व्यासपीठावरचे आठ मान्यवर मिळून एक पुस्तक सोलतात. अखेर एक माजी सभापती पुढे होतात, टेप दाताने तोडतात आणि टाळ्या पडतात. लगेच प्रती छातीशी धरून फोटो. दोघांचं मलपृष्ठ पुढे असतं, एकाची प्रत उलटी. अध्यक्ष भाषणात सांगतात की पुस्तक येता येता गाडीत चाळलं. ड्रायव्हर मागे चहा पीत उभा असतो. त्याला विचारावं, साहेब गाडीत काय करत होते.

कार्यक्रम संपला की कवी पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि वाटप सुरू होतं. पाचशे प्रती छापलेल्या. जालन्यातून त्या विकत कोण नेणार, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही, कारण उत्तर पहिल्याच कोऱ्या पानावर तयार असतं: सप्रेम भेट. साहेबांना, साहेबांच्या पीएला, व्याह्यांना, बँकेच्या मॅनेजरला. त्या प्रतींचं पुढे काय होतं ते रद्दीवाल्याला विचारा. पुस्तक रद्दीत घालताना भेटीचं पान फाडायचं, एवढी सभ्यता आपण पाळतो. पण आमचे एक निवृत्त गुरुजी बॉलपेन असं दाबून चालवतात की अक्षरं खालच्या पानावर उमटतात. प्रत जरा तिरप्या उजेडात धरली की 'आदरणीय' स्वच्छ वाचता येतं, आणि कोणाला दिलं होतं तेही.

एवढं होऊनही माणूस लिहायचं थांबत नाही, कारण त्याला प्रेरणा देणारे तयार झाले आहेत. पूर्वी लेखकाला प्रेरणा दुष्काळ द्यायचा, फार तर सासुरवाडी. आता ती मोबाइलवर मिळते, शुल्क भरून. तीस दिवसांत कादंबरी. पहाटे उठा, आरशासमोर उभे राहा आणि 'मी लेखक आहे' असं म्हणा. आरसा बिचारा काही बोलत नाही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि त्याला जोडून पुस्तक छापून देण्याचं पॅकेज: साधं, सोनेरी, हीरक. सोनेरीमध्ये मुखपृष्ठ, आयएसबीएन आणि 'बेस्टसेलर' होण्याची हमी. बेस्टसेलर म्हणजे ऑनलाइन दुकानातल्या कुठल्याशा उपप्रकाराच्या उपप्रकारात तासाभरासाठी पहिला नंबर. मित्रांनी पाच-पंचवीस प्रती एकदम मागवायच्या आणि तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून घ्यायचा. आयएसबीएन ही तर सरकारी गोष्ट. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो नंबर फुकट देते. पॅकेजात मात्र त्याचे पैसे लावतात आणि आम्ही ते आनंदाने भरतो, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीवर आमचा विश्वास नाही. फुकट द्यायचं ते फक्त पुस्तक.

प्राध्यापक मंडळींची प्रेरणा वेगळी. २०१० साली यूजीसीने बढतीसाठी गुणांचा हिशेब आणला, पुस्तकाला गुण लागले, आणि कालपर्यंत खडू-फळ्याशीच संबंध असलेल्या हातांना ग्रंथ सुचू लागले. त्यांना वाचक नको होता, नंबर हवा होता. तो मिळाला. त्या पुस्तकांचा राग मी धरत नाही. ती निदान कोणी वाचावीत अशी अपेक्षा तरी ठेवत नाहीत.

खरं म्हणजे पुस्तकाचा प्रचार कसा करावा हे आमच्या शेजारीच एकाने दाखवून ठेवलंय. अंबड ओलांडून गेलं की पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत बृहत्कथा लिहिली, सात लाख श्लोकांची. रानात शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य पोथी घेऊन राजाकडे गेले. राजाने भाषा ऐकली, शाई पाहिली आणि नाक मुरडून परत पाठवलं. गुणाढ्य डोंगरावर गेला, आग पेटवली आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला रानातली जनावरं. ध्वनिक्षेपक नाही, सूत्रसंचालक नाही, अल्पोपाहार तर नाहीच. उलट कथा ऐकता ऐकता जनावरांनी चारा सोडला. आमच्याकडे पोहे संपले की सभागृह रिकामं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. जनावरं रोडावली, राजाच्या ताटात वाळकं मांस पडू लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली. पुस्तकाची बातमी दरबाराला मुदपाकखान्यातून कळली! राजा धावत पोहोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले होते. पुढे ती मूळ बृहत्कथाही गेली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने तिच्यावरून कथासरित्सागर रचला, म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक. दंतकथा म्हणा हवं तर. पण रोडावलेल्या हरणाइतका प्रामाणिक अभिप्राय आजवर कुठल्या मलपृष्ठावर छापून आला आहे?

दुसरे आमच्या जिल्ह्यातलेच. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म १६०८ सालचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, शाई काळीभोर असावी, पानाला समास सोडावा, कागद-लेखणीची निगा राखावी, असा अगदी कारागिराने कारागिराला द्यावा तसा हिशेब. पहाटे आरशासमोर उभं राहण्याचा उल्लेख नाही. प्रकाशनाचाही नाही, कारण तेव्हा वाचकच प्रकाशक असे: ज्याला ग्रंथ हवा तो बसून उतरवून घेई. रोज काहीतरी लिहावं आणि वाचत राहावं, हा समर्थांच्या नावावर सांगितला जाणारा उपदेश आमच्याकडच्या प्रत्येक साहित्यिक व्यासपीठावर ऐकायला मिळतो. लोक त्यातला पहिला अर्धा घरी नेतात. दुसरा मंडपवाल्याकडे राहतो.

आणि तिसरं उदाहरण पाहिलं की मला खरोखर कोडं पडतं. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या पुसा सावनी वाणापासून सुरुवात केली, १९६४ साली महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याची पुडी देशभर गेली. ती काय सप्रेम भेट म्हणून गेली? शेतकऱ्यासारखं चिवट गिऱ्हाईक दुसरं नाही. तो पाहुण्यांचं भाषण ऐकून बियाणं घेत नाही. शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहून आधी पीक बघतो. म्हणून कंपन्या एखाद्याच्या वावरात प्रात्यक्षिक प्लॉट करतात, गावाला शिवारफेरीला बोलावतात आणि बोलायचं काम कणसावर सोपवतात. मग घेणारा पुडी उलटीपालटी करतो, लॉट नंबर बघतो, मुदत बघतो, घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सोयाबीनचे सत्तर तरी यावेत, नाहीतर दुकानदाराची खैर नाही.

हे सगळं ज्या गावात बारशापासून कानावर पडतं, त्याच गावातल्या कवीला आपला संग्रह कुंडलिका नदीच्या अलीकडून पलीकडे विकता येत नाही. त्याला प्लॉट करायचं सुचत नाही. एखाद्या शाळेत जाऊन दहा पोरांना दोन कविता वाचून दाखवाव्यात, पोरं चुळबुळ करायला कुठे लागली ते टिपावं, ती कविता काढून टाकावी, हे त्याला कमीपणाचं वाटतं. शंभर दाण्यांतले किती उगवले हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं. सभागृहाचं भाडं, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं, बॅनर यांवर तो छपाईइतकाच खर्च करतो आणि गावोगावच्या ग्रंथालयांना दोन-दोन प्रती पाठवायच्या म्हटल्या की टपालखर्च परवडत नाही म्हणतो. ती सबबही आता उरलेली नाही. २०२४च्या डिसेंबरात पुस्तकांची जुनी टपाल सवलत बंद झाली तेव्हा ओरड झाली, ती योग्यच होती. पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही टपालसेवा आली, म्हणजे नेमकी जालना जिल्ह्याच्या वाढदिवशी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. जाहिराती असलेलं साहित्य त्यात चालत नाही. आमच्या कवींनी मंत्र्यांसोबतचे सहा रंगीत फोटो शेवटी छापले असतील तर पोस्टमास्तरांना ते काय वाटतील, सांगता येत नाही.

मागे तालुक्याच्या एका गावी असाच समारंभ झाला. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, सतरंज्या गुंडाळायला लागले. मागच्या ओळीत एक म्हातारे शेतकरी शेवटपर्यंत बसून होते. बहुधा सगळ्यांची भाषणं ऐकलेले ते एकटेच. ते काठी टेकत टेबलापाशी आले, एक प्रत उचलली, मागे-पुढे पाहिली, मधलं पान उघडून ओठ हलवत दोन ओळी वाचल्या आणि कवीला विचारलं, "केवढ्याला?"

सबंध संध्याकाळीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. कवी गांगरला. किंमत त्यालाही चटकन आठवेना. खिशातलं पेन काढून तो म्हणाला, "काका, लाजवता काय? तुमच्याकडून पैसे घ्यायचे का? असंच न्या. नाव सांगा, लिहून देतो."

म्हाताऱ्यांनी प्रत अलगद होती तिथे ठेवली. "फुकट हाय व्हय," ते म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या. उगवण कमी असंल."