तपासणीत आढळलेल्या त्रुटी : निरंक

तपासणी पथक येणार ही बातमी सरकारी दवाखान्यात पथकाच्या तीन दिवस आधी पोचते. रुग्णवाहिकेला हा वेग अजून साधलेला नाही. बातमी येताच जिन्याखालची गंजलेली खाट गच्चीवर जाते. पिवळ्या, लाल, निळ्या, पांढऱ्या कचरापेट्या कोठीतून निघून कवायतीला उभ्या राहतात. हात कसे धुवावेत याची चित्रं बेसिनच्या वर चिकटतात आणि त्या दिवसापुरतं बेसिनला पाणीही येतं. नोंदवह्यांचे मागचे दोन महिने एका बैठकीत, एकाच शाईत भरून निघतात. कालपासून खाटेवर असलेल्या बाळंतिणीला सिस्टर हळूच सांगतात, "बाय, साहेब येऊन जाईस्तोवर जरा बाकड्यावर बस गं. नवी चादर आहे."

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या माणसांना यात नवल वाटायचं कारण नाही. होळीपासून पुढे इथे गावोगाव बोहाडा नाचतो. संबळाच्या ठेक्यावर रात्रभर गणपती येतो, शारदा येते, त्राटिका येते, रावण येतो. सोंगं देखणी असतात आणि नाचवणारे जीव तोडून नाचवतात. पण उजाडलं की मुखवटा उतरवून जपून ठेवतात, आणि काल रात्री मोखाड्यात साक्षात रावण आढळून आला, असा अहवाल कुणी पालघरला पाठवत नाही.

दवाखान्यांच्या बाबतीत मात्र अहवाल जातो.

परीक्षा तशा पुष्कळ आहेत. २०१५ साली केंद्राने स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' आणली, २०१७ साली प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' आणली, शिवाय राष्ट्रीय गुणवत्ता मानकं वेगळी. कायाकल्पात आधी दवाखाना स्वतःला गुण देतो, मग शेजारचा दवाखाना येऊन देतो, शेवटी बाहेरचे परीक्षक. मधली फेरी विशेष सलोख्याची: या महिन्यात तुम्ही आमचे तपासा, पुढच्या महिन्यात आम्ही तुमचे तपासू. सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की बक्षीस आणि भिंतीवर लावायला प्रमाणपत्र. या योजनेची थट्टा सोपी आहे आणि थोडी अन्यायाचीही, कारण वापरलेल्या सुया आवारात उघड्यावर पडत ते दिवस फार जुने नाहीत आणि ते पालटले त्यात या गुणपत्रिकांचा वाटा आहे. पण गुणपत्रिका चार भिंतींच्या आतलंच मोजते. जव्हार-मोखाड्यातला माणूस कित्येकदा त्या भिंतींपर्यंत पोचताना मरतो, नाहीतर तिथून पुढे धाडल्यावर.

आता कायद्याकडे वळू. खासगी दवाखान्यांवर अंकुश ठेवणारा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा, म्हणजे मुकणे राजांचं जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीचा. २०२१ साली त्याचे नियम सुधारले. दरपत्रक दर्शनी भागात लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रार ऐकायला व्यवस्था ठेवा, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवू नका. चांगले नियम आहेत. केंद्राने २०१० साली याहून व्यापक कायदा केला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपण आपला करू म्हणून मसुद्यापर्यंत गाडी गेली आणि राज्यातल्या बऱ्याच गाड्यांप्रमाणे तिथेच उभी राहिली.

राहिला १९४९चा. त्याची खरी गंमत शेवटच्या कलमांत आहे. सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था चालवते त्या रुग्णालयांना हा कायदा लागूच नाही. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, खोडाळा, वाशाळा, जामसर, साखरशेत अशी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. सगळी सरकारी, सगळी कायद्याच्या बाहेर. खासगी म्हणाल तर छोटे दवाखाने. अतिदक्षता विभाग, पाच पानी बिल आणि स्वागतकक्षातली काचेची गणेशमूर्ती असलेलं शुश्रूषागृह थाटावं असं गिऱ्हाईक इथे नाही, कारण दिवाळीनंतर निम्मं गिऱ्हाईक भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेलं असतं. तेव्हा या दोन तालुक्यांत १९४९च्या कायद्याचा भंग शोधायला गेलेल्या अधिकाऱ्याला फारसं काही सापडायचं नाही. नापास करायला मुळात परीक्षार्थी हवा.

ज्या विरारमध्ये परीक्षार्थी भरपूर आहेत तिथली गोष्टही ऐकण्यासारखी आहे; ती सुरू होते भंडाऱ्यापासून. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यभरच्या रुग्णालयांचं अग्निसुरक्षा ऑडिट करण्याचा आदेश निघाला. साडेतीन महिन्यांनी, २३ एप्रिलला, याच पालघर जिल्ह्यातल्या विरारमध्ये विजय वल्लभ या खासगी कोविड रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि पंधरा रुग्ण गेले. एक रुग्णालय कायद्याच्या बाहेरचं, एक आतलं. आगीने असा भेदभाव केला नाही.

त्यावर पुन्हा ऑडिटचा आदेश निघाला, हे सांगायला नकोच.

तपासणीची तिसरी एक जात आहे, लोकप्रतिनिधीची. तिला नमुना लागत नाही, कॅमेरा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांतले बारा नवजात. तेव्हाचे खासदार हेमंत पाटील पाहणीला गेले आणि अस्वच्छ शौचालय पाहून त्यांनी अधिष्ठात्यांनाच ते साफ करायला लावलं. चित्रफीत देशभर फिरली. मग खासदारांवर गुन्हा दाखल झाला, अधिष्ठात्यांवरही झाला. औषधं का नव्हती आणि माणसं किती कमी होती, हे प्रश्न त्या गर्दीत मागे राहिले. शौचालय तेवढं स्वच्छ झालं.

माणसं किती कमी, याचा हिशेब महालेखापरीक्षकांनी मांडून ठेवला आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेवरचा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधिमंडळापुढे आला. परिचारिकांच्या मंजूर पदांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक रिकामी. ही राज्याची सरासरी. घाट चढून जव्हारला नेमणूक घ्यायची वेळ आली की काय होतं, हे बदल्यांच्या मोसमात मंत्रालयाच्या जिन्यावर पाहावं. इकडे रात्रपाळीला असलेल्या सिस्टरने बाळंतपण करायचं, बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायचा, आणि कळांची गती, नाडी, रक्तदाब हे सगळं पार्टोग्राफवर वेळच्या वेळी मांडायचं. पथक येतं तेव्हा बाळंतपण उरकलेलं असतं. कागद समोर असतो. मग कागद तपासतात, आणि रेषा अर्धवट राहिली असेल तर सिस्टरच्या नावाने त्रुटी लिहितात. दुसऱ्या सिस्टरची खुर्ची रिकामी का, हा रकाना वरच्या कार्यालयाचा असल्यामुळे खालच्या नमुन्यात नसतो.

आणि मग 'रेफर'. जव्हार-मोखाड्यात हा इंग्रजी शब्द लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही येतो. केस गुंतली की रेफर. मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून नाशिक, नाहीतर राज्याची हद्द ओलांडून सिल्वासा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जिल्हाधिकारी आले, फलक आले, देखणी कार्यालयं उभी राहिली. जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीचं मात्र बांधकाम वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्यामुळे पालघरच्या रुग्णाने नाशिककरांच्या किंवा सिल्वासाकरांच्या खाटेवर झोपायचं, हीच रीत पडली. सिल्वाशाच्या सिव्हिलला विनोबा भाव्यांचं नाव आहे, म्हणजे निदान नाव तरी आपल्याकडचं भेटतं. रेफर केल्यावर रुग्णाचं काय झालं, हे रेफर करणाऱ्या केंद्राच्या वहीत येत नाही. वहीत तो जिवंत असतो. केंद्राचे गुण शाबूत राहतात.

२०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि तिथून परत घरी मोफत नेण्याचा हक्क आहे. २०१४ साली १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, राज्यभर ९३७ गाड्यांसह. आता या हक्काच्या तीन टप्प्यांची तीन उदाहरणं, सगळी गेल्या काही वर्षांतली, सगळी वर्तमानपत्रांत छापून आलेली.

घर ते दवाखाना: ऑगस्ट २०२२, मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीतली मर्कटवाडी. सातव्या महिन्यातच एक बाई घरी बाळंत झाली, जुळी बाळं दगावली. तिला रक्तस्राव सुरू होता. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून नातेवाइकांनी चादरीची झोळी केली आणि पावसात, निसरड्या चढ-उतारांवरून तिला सुमारे तीन किलोमीटर वाहून नेलं. गाडी जिथे उभी राहू शकत होती, तिथपर्यंत.

दवाखाना ते दवाखाना: जून २०२५, जोगलवाडी. बाईला कळा सुरू झाल्यावर १०८ला फोन केले, गाडी वेळेवर आली नाही. खासगी गाडीने खोडाळा, तिथून मोखाडा, तिथून नाशिक. तोवर पोटातलं बाळ गेलं होतं. परत यायला गाडी मिळाली नाही, तेव्हा बापाने बाळाचा देह वीस रुपयांच्या पिशवीत ठेवला आणि एसटीने ऐंशी-नव्वद किलोमीटर गावी आणला.

दवाखाना ते घर: जानेवारी २०२२, जव्हारचं कुटीर रुग्णालय. सहा वर्षांचा मुलगा उपचार चालू असताना गेला. देह न्यायला रुग्णवाहिका मिळेना, म्हणून बापाने रात्रीच्या थंडीत मोटारसायकलवरून तो मोखाड्यातल्या आपल्या पाड्यावर नेला. २०२१च्या नियमांत मृतदेह अडवू नये असं आहे. इथे कुणी अडवला नव्हता.

तिन्ही वेळा चौकशीचं चक्र फिरलं. चौकशी खाली सरकत सरकत बहुतेकदा चालकापाशी थांबते, कारण त्याच्या खाली ढकलायला कुणी नसतं आणि तो कंत्राटी असतो.

या मुलखाला चौकशी समित्यांची टंचाई कधीच नव्हती. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभरावर मुलं कुपोषणाने आणि साथीने गेली. सुधाकरराव नाईकांचं सरकार हादरलं, पाहण्या झाल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, १९९५ साली नवसंजीवन योजना आली आणि तिच्याबरोबर भरारी पथकं. पथकात डॉक्टर असायचा आणि भरारीला गाडी, निदान शासन निर्णयात. २०१६ साली मोखाड्यातल्या खोच गावात कुपोषणाने बालक दगावल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली आणि नेत्यांच्या गाड्यांची पुन्हा रांग लागली. पाहणीला येणाऱ्यांची सोय जव्हार तालुक्यात तशी उत्तम आहे. पावसाळ्यात दाभोसा धबधबा, संध्याकाळी हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, हवा थंड. जव्हारला जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही.

तेव्हा पथकं बंद करा, असं म्हणणं बरोबर नाही. पथक जरूर यावं. फक्त पत्र न पाठवता यावं. ऑगस्टात यावं, रात्री तीन वाजता यावं, आणि पालघरहून सरकारी गाडीने न येता मर्कटवाडीसारख्या एखाद्या वाडीतून निघून यावं. पथकातल्या एका साहेबांनी रुग्ण व्हावं; वजन भरपूर असेल तर उत्तमच. रेंज जिथे मिळते त्या टेकाडावर चढून दुसऱ्या साहेबांनी १०८ला फोन लावावा, आपलं पद न सांगता. बाकीच्यांनी झोळीचे दांडे खांद्यावर घ्यावेत. दवाखान्यात पोचल्यावर रंग, चादरी, कचरापेट्या यांना काय गुण द्यायचे ते खुशाल द्यावेत. तिथून रेफर व्हावं, नाशिकपर्यंत जावं, आणि परतीच्या गाडीचं काय होतं तेही पाहावं.

खर्चाची तेवढी अडचण येईल. एसटीचं तिकीट मंजूर होईल, खासगी जीपचं भाडं पावती जोडली तर कदाचित होईल. झोळीच्या तीन किलोमीटरांना मात्र प्रवासभत्त्याच्या कुठल्याच दरपत्रकात दर नाही, त्यामुळे ते देयक लेखा विभाग परत पाठवील, त्रुटी काढून.